चौथा वाटाणा

गाडी सरळ माझ्या चपलेवर येऊन आदळली आणि मी ओरडले. केवढ्यानं ओरडले ते मला कळलं नाही, दुकानातल्या सगळ्यांनी माना वळवल्या त्यावरून अंदाज आला. वीतभर लांबीची, पिवळ्या प्लॅस्टिकची, रिमोटवर चालणारी गाडी ती. माझ्या अंगठ्याला नाक टेकवून जागच्या जागी चाकं फिरवत होती. मी पाय उचलला खरा, पण तो खाली ठेवायचा धीर होईना. एका हातानं काउंटर धरून एका पायावर उभी राहिले. काउंटरमागच्या बाईंनी, त्यांना आतून कुणीतरी शैलाताई म्हणून हाक मारली होती, रिमोटवरचा अंगठा काढला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चावत नाही ती," त्या म्हणाल्या. पुण्यात शनिपाराजवळच्या या खेळण्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाचं स्वागत असंच होत असावं. मी हसले. हसायला हवं होतं म्हणून हसले. पाय मात्र गाडीपासून हातभर लांब नेऊन ठेवला आणि खाली ठेवण्याआधी तिथं काही नाही ना, हे दोनदा बघितलं. हे मी हल्ली घरातही करते. ओट्यापासून वळताना, पलंगावरून उतरताना, खुर्ची मागे सरकवताना. शुभंकर म्हणतो, काय गं, मुंग्या वाचवायचं व्रत घेतलंयस का? घेतलंय म्हणते मी. नवऱ्याला सगळं सांगायचं ठरलं तर दिवसाचे चोवीस तास पुरायचे नाहीत.

सृष्टी माझ्या शेजारी उभी होती. सहा वर्षांची, कपाळावर आलेले केस सारखे फुंकणारी. बाकीचे हसले, ती हसली नाही. ती माझ्या पायाकडे बघत होती. दसऱ्यापासून ही पोर माझ्याकडे अशी बघते, आधी पायांकडे, मग डोळ्यांकडे, आणि मग काहीतरी जमून आल्यासारखी पुन्हा आपल्या खेळात जाते. मला वाटतं, भ्यायलीय. माझ्याच पोटची पोर मला भ्यायलीय, हा विचार आला की मी पटकन दुसरं काहीतरी हातात घेते. आत्ता मी दुसरा खोका हातात घेतला. लाल गाडी, मोठी चाकं, खडकावरून चढते असं चित्र. "ही किती लांबवर चालते?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, रिमोटपासून पन्नास-साठ फूट. पन्नास-साठ फूट! आमच्या सोसायटीच्या पार्किंगपासून गेट तेवढंच आहे, आणि गेटाबाहेर सोलापूर रोड. उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, आणि टँकर, आणि उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटरसायकली. गाडी गेटाबाहेर जाणार, पोर गाडीमागे जाणार. मी खोका खाली ठेवला. मग कमी लांब जाणारी दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवली. पण लांब जात नाही म्हणजे पोरगी तिच्या मागोमाग हिंडणार, जवळ, वाकून, उभ्या असलेल्या गाड्यांच्या चाकांपाशी. तीही नको. जी वेगानं पळते ती हातातून सुटणार, हळू चालते ती कुणाच्या तरी पुढ्यात अडकणार, बॅटरी लवकर संपते ती नेमकी रस्त्याच्या मधोमध संपणार आणि ही उचलायला धावणार. मी एकेक खोका उलटासुलटा करत होते आणि प्रत्येक खोक्यात मला एकच गोष्ट दिसत होती. माणसं खेळणी निवडतात कशी, मला खरंच कळेना.

"उंच आहे का एखादी?" मी म्हटलं. "म्हणजे लांबून दिसेल अशी. वर झेंडा वगैरे असलेली. आवाज करणारी." शैलाताईंनी हातातला खोका खाली ठेवला. "बाई, तुम्हाला गाडी घ्यायचीय की विमा उतरवायचाय?"  यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण ते लहान मुलीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी मग एक उंच डंपर काढला, त्यात सेल घातले आणि रिमोटचा खटका दाबला. डंपर चालला. आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे, फळीवर, सेल घालून नमुन्याला ठेवलेल्या आणि कुणी हातही न लावलेल्या तसल्याच दुसऱ्या एका गाडीची चाकं फिरायला लागली. मी दचकून वळले. "होतं तसं," शैलाताई म्हणाल्या. "एकसारख्या गाड्या असल्या की एकीच्या रिमोटवर दुसरी चालते. सोसायटीत दुसऱ्या पोराकडे हीच असली तर तुमची गाडी तो चालवेल. मजा असते." काय मजा सांगितली! आपण हातही लावलेला नाही, आपण भलतीकडे तोंड करून उभ्या आहोत, आणि आपली गाडी चालते आहे. हे मला अजिबात नवीन नव्हतं.

दसऱ्याला आमच्याकडे नवी गाडी आली. खरीखुरी, चार दारांची, पांढरी. माझी गाडी म्हणायला हवं, कारण ती माझ्या नावावर आहे आणि घरात लायसन्सही माझंच आहे. शुभंकर पहाटे कंपनीच्या बसनं हिंजवडीला जातो, तो बसमध्ये झोपतो आणि त्यालाच प्रवास म्हणतो. आम्ही राहतो लोणी काळभोरच्या अलीकडे, सृष्टीची शाळा हडपसरला, माझं ऑफिस खराडीला. शाळेची व्हॅन चालवणारे उत्तरेश्वर म्हणून आहेत, त्यांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं, "मॅडम, दिवाळीनंतर आपली गाडी बंद हाय, गावाकडं चाललो." तेव्हा ठरलं. मी शिकले. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरांनी माझ्या आयुष्यात कुणी लावली नव्हती एवढी शिस्त लावली. क्लच हळू सोडा, मान वळवा, आरशात दिसत नाही ते पण असतं, मॅडम. मी मान हलवायचे. परीक्षेतलं वाक्य पाठ करावं तसं मी ते पाठ केलं होतं.

सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे ते गेनबाआबा तळमजल्यावरच राहतात. पूजेला तेच पुढे. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला, आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. नवी गाडी पहिल्यांदा लिंबावरून न्यायची, लिंबं फुटली पाहिजेत, म्हणजे गाडीला लागलेली नजर तिथंच चिरडते. माहेरी, दारव्ह्याला, आमच्या बाबांनी स्कूटर घेतली तेव्हाही केलं होतं. मी चालकाच्या सीटवर बसले, नवी साडी, नव्या प्लॅस्टिकचा वास, हाताला घाम. सगळी मंडळी पुढे उभी. शुभंकर मोबाईल धरून व्हिडिओ घेतोय, शेजारच्या बायका ताटं घेऊन, आबा हात वर करून. मी समोर बघत होते. सगळे माझ्याकडे बघत होते, मी सगळ्यांकडे बघत होते, मी हसत होते. आबा म्हणाले, "सोड आता, सावकाश." मी क्लच सोडला. गाडी इंचभर गेली, आणि खालून आवाज आला. काडकन. मला वाटलं, लिंबू. खरंच सांगते, मला वाटलं लिंबू, आणि आनंद झाला. मी आणखी थोडा क्लच सोडला. कर्रर्र. "फुटलं, फुटलं!" कुणीतरी ओरडलं, टाळ्या झाल्या, "बस, बस!" आबा म्हणाले आणि मी थांबले. लिंबू काडकन फुटत नाही. लिंबू फच्च करतं. पण त्या वेळी तिथल्या एवढ्या माणसांत कुणालाही, ज्यांनी आयुष्यभर लिंबं चिरली त्या बायकांनाही, हे सुचलं नाही. लिंबाचा आवाज यायला हवा होता, म्हणून जो आला तो लिंबाचा.

मागच्या डाव्या चाकाखाली सृष्टीची रिमोटची गाडी होती. निळी, बसकी, गेल्या वाढदिवसाची. तिचा चुरा झाला होता. चुऱ्यात हळदीकुंकू होतं आणि झेंडूची एक पाकळी. दसऱ्याला सगळ्या गाड्यांची पूजा करतात, हे पोरीला शाळेत सांगितलं होतं, मग तिनं आपल्या गाडीचीही मांडली होती. मोठ्या गाडीच्या शेजारी, मोठ्या गाडीला ठेवलेल्या लिंबाच्या अगदी लगत, कारण पूजा तिथं चालली होती. आधी एकजण हसला, मग सगळे हसले. लिंबाऐवजी गाडीच फोडली की हो वहिनींनी! शुभंकर तर पोट धरून हसला. आबा म्हणाले, "चांगलं झालं सूनबाई, दृष्ट निघाली. जे व्हायाचं ते खेळण्यावर गेलं." बायका म्हणाल्या, खरंच, इडापिडा टळली. मीही मान हलवली. मग मी सृष्टीला उचलायला वाकले. ती चाकाच्या बाजूला उकिडवी बसली होती, रडत नव्हती, तिच्या उजव्या हाताची मूठ घट्ट होती. मी मूठ धरली तर हात गार. मला वाटलं, भीतीनं गार पडला. मी बोटं सोडवली. आत एक वाटाणा होता, हिरवा, फ्रीजरमधल्या पिशवीतला, अजून बर्फासारखा.

लहान गाडीला लहान लिंबं. तिनं फ्रीजरमधून चार वाटाणे आणले होते. तीन चाकांखाली तीन ठेवले होते, ते त्या चुऱ्यात हिरवे डाग होऊन सापडले. चौथा मुठीत होता. म्हणजे चौथा ठेवायचा होता. म्हणजे मी हसत समोर बघत क्लच सोडला तेव्हा हा हात, ही एवढीशी मूठ, माझ्या हाताच्या तळव्यात पूर्ण मावणारी, त्या गाडीच्या चौथ्या चाकाकडे चालली होती. हे तिथं कुणीच बघितलं नाही. सगळे पुढे उभे होते. मी तो वाटाणा माझ्या मुठीत घेतला आणि हसणाऱ्या माणसांना पेढे वाटले. वाटाणा माझ्या तळव्यात वितळत होता आणि मी पेढे वाटत होते. रात्री आईचा दारव्ह्याहून फोन आला. तिला व्हिडिओ पोचला होता. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तर आई म्हणाली, "अवं बाई, लेकरू खेळून राह्यलं ना? मंग तू कायले जिवाले घोर लावून घेऊन राह्यली? जिवावरचं होतं ते खेळण्यावर निभावलं." तीही तेच म्हणाली. सगळे तेच म्हणत होते, समजूत घालायला, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. म्हणजे जिवावरचं होतं. होतंच. मग ते संपलं हे कुणी ठरवलं? एका निळ्या खेळण्यानं त्याचं पोट भरलं, असं कुणी सांगितलं?

त्या दिवसापासून गाडी चंदेरी कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी आहे. आधी मी म्हटलं, दिवाळीच्या गर्दीत नको. मग म्हटलं, सुट्टी संपू दे. दिवाळीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला शुभंकर तो व्हिडिओ दाखवायचा. चिवडा, चकली आणि व्हिडिओ. व्हिडिओत मी फार छान दिसते, झेंडूच्या माळेमागे काचेतून हसताना. मग तो आवाज येतो. मी तेव्हा स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडायचे. शुभंकर वाईट नाही हो. त्याला सांगितलं असतं तर तो गंभीर झाला असता, त्यानं मला जवळ घेतलं असतं आणि मग अगदी सावकाश म्हणाला असता, राहू दे, तू नको चालवूस. आणि मी किल्ली दिली असती. त्याला लायसन्स नाही, व्हॅन नाही, गाडी तिथंच, आणि मी जन्मभर न चालवणारी. एकीकडे मला तेच हवं होतं. रात्रंदिवस हवं होतं. आणि एकीकडे मला कळत होतं की किल्ली दिल्यानं काही थांबणार नव्हतं. कारण भीती गाडीची उरलीच नव्हती, ती माझ्या अंगात आली होती. परवा मी कुकर उतरवून वळले तर सृष्टी माझ्या पायाशीच बसलेली, फरशीवर, रांगोळीचे रंग घेऊन. कुकर हातातून सुटायचा राहिला. "अगं सरक, सरक!" मी ओरडले. ती सरकली नाही. तिथंच बसून वर माझ्याकडे बघत राहिली, शांत. मला वाटलं, थिजली पोर. आई दिसली की थिजते. कुकर ओट्यावर ठेवून मी न्हाणीघरात गेले आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. आणि उद्या सोमवार. शाळा उघडते, ऑफिस उघडतं, आणि उद्या सकाळी मला ते चंदेरी कव्हर काढून, हिला शेजारी नाही, मागे बसवून, सोलापूर रोडला लागायचं आहे. गाडीचं खेळणं मी भाऊबीजेला देणार होते. तेही आज आणायला आले, शेवटच्या दिवशी, बसनं आणि रिक्षानं.

"ही," सृष्टी म्हणाली. तिनं खालच्या कप्प्यातून एक खोका ओढला होता. निळी, बसकी, जमिनीला चिकटलेली गाडी. अगदी तसलीच. मी म्हटलं, नको, डंपर बघ किती छान आहे, त्याचा मागचा भाग वर होतो. तिनं डंपरकडे बघितलंही नाही. शैलाताईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, हिच्या तोंडाकडे बघितलं आणि निळ्या गाडीत सेल घातले. "घे, चालवून बघ," त्यांनी रिमोट सृष्टीपुढे धरला. सृष्टीनं तो घेतला आणि माझ्या हातात दिला. "आई चालवेल," ती म्हणाली. मग गाडी फरशीवर ठेवली, स्वतः तिच्या पुढ्यात चार-पाच फुटांवर मांडी घालून बसली आणि उजवा हात पंजा उघडून गाडीच्या वाटेवर ठेवला. पालथा. बोटं पसरून. माझ्या हातातला रिमोट घामानं निसटायला लागला. दुकानात पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता, आणि फरशीवर तो हात होता. नखांना दिवाळीची मेंदी, अर्धी गेलेली. खेळणं आहे, मी स्वतःला म्हटलं. प्लॅस्टिक आहे, याच्यानं मुंगी मरायची नाही. माझा अंगठा खटक्यावर होता आणि तो खाली जाईना.

"बाळ, हात काढ बरं," शैलाताई म्हणाल्या. "चाकात बोट जाईल."

"नाही जाणार," सृष्टी म्हणाली. "आईला दिसतं."

ती हे सहज म्हणाली, मागे वळून न बघता, आपला पत्ता सांगावा तसं. माझ्या डोक्यात काहीतरी थांबलं. मी रिमोट काउंटरवर ठेवला आणि तिच्यासमोर खाली बसले, त्या फरशीवर, साडीनिशी. काय दिसतं, मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. मी, ती म्हणाली, मी तुला दिसते ना नेहमी. मग तिनं सांगितलं, गिऱ्हाइकांच्या पायांमध्ये बसून, केस फुंकत, मजेत. दसऱ्याला चौथा वाटाणा घरंगळला, म्हणून ती तो घ्यायला मागे सरकली, आणि मग पुन्हा हात पुढे नेला तर मोठी गाडी चालू झाली. तिची गाडी तुटली. पण मग तिनं हात तसाच धरून ठेवला आणि गाडी थांबली. "तू मला बघितलंस आणि थांबवलीस," ती म्हणाली. "हाताच्या अगदी जवळ थांबवलीस. म्हणून मी रडले नाही." हाताच्या अगदी जवळ. मी टाळ्या ऐकून थांबले होते. आबा "बस" म्हणाले म्हणून थांबले होते. त्यांना बोलायला एक श्वास उशीर झाला असता तर. मला कुकर आठवला. ती थिजली नव्हती. ती सरकली नव्हती, कारण सरकायची गरजच नव्हती, आई बघतेय. इतके दिवस मी समजत होते की पोर मला भ्यायलीय, आणि पोर मला मुळीच भ्यायली नव्हती. तिच्या मनात भीतीचा कणही नव्हता. दसऱ्याच्या दिवशी तिला माझ्याबद्दल जी खात्री वाटली ती घेऊन ती माझ्या चाकांपुढे, माझ्या कुकरखाली, माझ्या पायांत जाऊन बसत होती, आणि ती मला दिसत नसतानाही तिला वाटत होतं, दिसतेच. मी भ्यायले होते त्याहून हे किती भयंकर आहे, ते मला त्या फरशीवर बसल्या बसल्या कळलं.  मला तिला छातीशी धरून म्हणायचं होतं, हो गं राणी, दिसतेस तू मला, नेहमी दिसतेस. कुठल्याही आईनं तेच म्हटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते जन्मभर तसंच ठेवायला मी काहीही दिलं असतं.

"सृष्टी," मी म्हटलं, "मला तू दिसली नव्हतीस."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पुढे म्हटलं, माझा आवाज मलाच ओळखू येईना, की गाडीत बसलं की मागचं चाक दिसत नाही, तू तिथं आहेस हे मला माहीतच नव्हतं, आबा बस म्हणाले म्हणून मी थांबले. मला वाटलं लिंबू फुटलं. तुझा हात मी बघितला नव्हता. सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते, आणि मला दिसत होतं की तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी चाललंय, जे मी परत आणू शकणार नव्हते. ती एकदम मोठी दिसायला लागली. मग फरशीवरचा हात तिनं उचलला. बोटं मिटली, हात फ्रॉकवर पुसला आणि पाठीमागे नेला. शैलाताई चष्मा काढून पुसत होत्या.  मी निळी गाडीच घेतली. उंच घेतली काय, झेंड्याची घेतली काय, जी जागा दिसत नाही ती नाहीच दिसत. शैलाताईंनी खोका कागदात बांधला, वर सुतळी मारली आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "जपून जा." पुण्यात हे फार झालं.

रिक्षात ती माझ्याकडे सरकून बसली नाही. बसमध्येही नाही. खोका मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मला तिचा हात धरायचा होता, पण हात तिनं खोक्याखाली ठेवले होते. फातिमानगर गेलं, हडपसरची गर्दी गेली, मांजरीचा फाटा गेला, आणि मी मनात तेच तेच म्हणत होते, काय केलंस हे, एका पोरीचं घर मोडलंस. घरी शुभंकर झोपला होता. आम्ही वर गेलोच नाही. पार्किंगमध्ये उन्हं तिरपी आली होती आणि आबांच्या कुंडीतली तुळस वाऱ्यानं हलत होती. मी गाडीचं कव्हर ओढून काढलं. बॉनेटवर स्वस्तिक अजून होतं, पुसट. झेंडूची माळ वाळून काळी पडली होती. मी किल्ली पर्समधून काढली, दार उघडून काच खाली घेतली आणि किल्ली सृष्टीच्या हातात दिली. ती तुझ्याकडे ठेव, मी म्हटलं, म्हणजे गाडी चालू होणार नाही. मी आत बसते. तू गाडीभोवती फीर आणि विचार दिसतेस का. तिनं किल्लीकडे बघितलं, मूठ मिटली आणि मान हलवली.

मी सीटवर बसले, दार लावलं. ती समोरून गेली, बॉनेटच्या वर डोकं तेवढं. "दिसते?" दिसतेस. डाव्या दाराशी गेली, केस दिसले, मग तेही नाहीत. "आता?" तिचा आवाज खालून आला. मी डाव्या आरशात बघितलं. पार्किंगचा खांब होता, त्यावरचा पिवळा पट्टा होता, तुळशीची कुंडी होती. वरच्या आरशात मागची काच आणि भिंत. मी मान वळवली, मास्तरांनी शिकवली तशी पूर्ण वळवली. मागची सीट होती, तिच्यावर अजून न काढलेलं प्लॅस्टिक. सगळं जागच्या जागी होतं, नीट, स्वच्छ, आणि त्यात माझी मुलगी नव्हती. "नाही," मी म्हटलं. "आता?" नाही. तिच्या चपलांचा आवाज येत होता, मागच्या चाकापाशी, तिथंच. "आता?" नाही गं. मग चपलांचा आवाज थांबला. मी वाट बघितली. तुळस हलत होती. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली आणि दाराच्या कडीला हात घातला, तेवढ्यात आरशाच्या कडेला काहीतरी हललं. ती मागे मागे चालत होती, गाडीकडे तोंड करून, एकेक पाऊल, पाठ खांबाला लागेपर्यंत. खांबाला चिकटून उभी राहिली. काखेत खोका, एक हात वर, मुठीत किल्ली. "आता दिसते ना?" तिचा आवाज कापत होता. माझ्या मुलीच्या आवाजात भीती होती, खरी, माझी, आणि ती ऐकून मला इतकं हायसं वाटलं की रडू फुटलं. हो, मी म्हटलं, पूर्ण दिसतेस, अगदी चपलांपर्यंत.

मी उतरले, तिच्यापाशी गेले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. तिनं मूठ पाठीमागे नेली.

"उद्या देईन," ती म्हणाली. "शाळेच्या वेळेला. आधी मी आत बसणार, मग देणार."